अक्का, तू त्या भिंतीला ‘हो’ का म्हणालीस?

अक्का,

तुला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि मी तुझ्यावर आरोप ठेवायला बसले आहे. लोक म्हणतील, काय बाई आहे ही! गेलेल्या बहिणीबद्दल चार गोड शब्द लिहावेत, तर ही भांडायला उठली. म्हणू देत. त्यांना आपण दोघी ठाऊक नाही. गोड बोलणारे तेराव्यापर्यंत भरपूर येऊन गेले. तुझ्या कारखान्यातली माणसं आली, मंडळातल्या बायका आल्या, समोरच्या गौडांच्या घरचे सगळे आले, आणि सगळ्यांनी हॉलमधल्या त्या भिंतीसमोर बसूनच तुझं कौतुक केलं. मी मान हलवत होते, चहा पुढे करत होते आणि डोक्यात एकच किडा वळवळत होता. ही बाई भिंत रंगवायला ‘हो’ का म्हणाली?

भिंतीची गोष्ट तुला सांगायला नको, पण मी सांगणारच, कारण तू ती दर वेळी आपल्या सोयीनं सांगायचीस. तुझ्या कारखान्यात परदेशातून मशिनं यायची ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. खोकी फोडली की ते लाकूड भंगारात लिलावाला निघायचं. बाकीच्यांची नजर लोखंडावर, तुझी लाकडावर. पाईनच्या फळ्या, जागोजाग गाठी असलेल्या. त्या तू घेतल्यास, बोम्मसंद्र्याहून एक सुतार धरून आणलास आणि बेंगळुरात, बसवेश्वरनगरच्या या घरात हॉलची अख्खी मोठी भिंत त्या फळ्यांनी मढवलीस. वर लाखेचं पॉलिश, तेही स्वतःच्या हातानं. बिनलग्नाची, एकटी राहणारी बाई स्वतःच्या घराच्या भिंतीला स्वतः पॉलिश मारते, याचं त्या काळी आपल्या निपाणीत केवढं अप्रूप! आई येईल-जाईल त्याला सांगत सुटायची. मग मी आले बघायला. बघितलं आणि म्हटलं, “छान आहे ग अक्का, पण मशीनच्या खोक्यात बसल्यासारखं वाटतंय.” त्यावर तू जे तोंड फुगवलंस ते मी निपाणीच्या गाडीत बसेपर्यंत उतरलं नाही.

तेव्हा मी पाहुणी होते, बोलून निघून गेले. पण ह्यांच्या पश्चात, शाळेतून निवृत्त होऊन, मी कायमची तुझ्याकडे राहायला आले आणि ती भिंत माझ्या नशिबी आली. तुला दिवा न लावता त्या अंधारात बसायला आवडायचं. मला जीव गुदमरल्यासारखं व्हायचं. मी चित्रकलेची शिक्षिका, आयुष्यभर पोरांना सांगत आले की कागदाचा पांढरा राखून ठेवा, तोच तुमचा उजेड. आणि माझ्या म्हातारपणी समोर काय, तर चहाच्या चोथ्याच्या रंगाची भिंत! पहिल्याच आठवड्यात मी विषय काढला. “पांढरी करू या ग, निदान ही एक बाजू.” तू चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलंस. “लाकडावर रंग मारणारी माणसं आणि पुरणपोळीवर केचप घालणारी माणसं एकाच जातीची.”

झालं. तिथून जे सुरू झालं ते चालूच राहिलं. सकाळच्या कॉफीबरोबर एक फेरी, संध्याकाळी बातम्यांच्या आधी एक फेरी. तू म्हणायचीस, “रंग म्हणजे काय ग? थर. धरला तर धरला, नाहीतर सुटला. बाकी सगळी तुमची कविता.” मी म्हणायचे, “अक्का, तू कारखान्याच्या लॅबमध्ये जन्मभर रंग तपासलेस, कधी बघितला नाहीस.” हे तुला लागायचं, मला कळायचं, आणि मी तेच पुन्हा म्हणायचे. तूही कमी नव्हतीस. माझी जलरंगातली चित्रं बघून गंभीर चेहऱ्यानं विचारायचीस, “धुतलं तर जातं का हे?” शारदा आली की आपलं बघून हसायची. तुझी लॅबमधली जुनी सोबतीण, तिला वाटायचं आपण खरंच भांडतो. खरंच भांडायचो. पण भांडून झालं की तू माझ्या ताटात साईचं दही जास्त वाढायचीस, हे तिला दिसायचं नाही.

आता मला संशयी म्हणायचीस ते. “आली आमची पोलीस पाटील,” म्हणायचीस. दुधाची पिशवी मी उजेडात धरून बघते, रिक्षावाल्यानं शॉर्टकट म्हटलं की मी आधी खिडकीशी सरकते, मयूर आपणहून फोन करून “आत्या, कशी आहेस?” म्हणाला की मी विचारते, “काय पाहिजे?” पोरगा बिचारा हसतो. आपल्या भावाचा एकुलता एक, बेळ्ळंदूरला राहतो, त्या ट्रॅफिकमधून आपल्याकडे यायचं म्हणजे त्याला गावाला गेल्यासारखं होतं. तरी येतो. तर सांगायचं काय, माझा स्वभाव हा असा. आणि तुझा स्वभाव काय? कुणाचीही चूक डोळ्यांसमोर होऊ द्यायची नाही. विशेषतः रंगाची.

तुझी ती चिकटपट्टी! लॅबमधली सवय तू घरी घेऊन आलीस. नव्या रंगावर ब्लेडनं बारीक चौकटी कापायच्या, वर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि फाडकन ओढायची. पट्टीला चौकटी चिकटून आल्या की रंग नापास. मयूरच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गुरुजी होमात तूप सोडतायत आणि तू गायब. मी शोधत गेले तर बेडरूमच्या नव्याकोऱ्या दारामागे तू, हातात पट्टी. “प्रायमर नाही मारलाय ग. फसवलं पोराला.” त्याची बायको अजून ते पाहुण्यांना सांगते. गौडांचं गेट, डॉक्टरांच्या दवाखान्याची खिडकी, बनशंकरीच्या कुठल्याशा कार्यालयातला स्टेजचा कठडा, तू काही सोडलं नाहीस. तुझ्या पर्समध्ये कुंकवाची डबी नसेल एक वेळ, पण ती पट्टी असायचीच.

हे सगळं आठव आणि मग सांग, मला संशय येऊ नये?

अवरेकाळूचा, आपल्या पावट्याचा, हंगाम नुकता सुरू झाला होता. आपण दुपारी ते दाणे भिजवून साली काढत बसलो होतो, मध्ये परात. तू हातातलं काम न थांबवता म्हणालीस, “नली, त्या पेंटर मुनिराजूला बोलव. रंगवून टाक तुझी ती भिंत.”

माझ्या हातातला दाणा उडून सोफ्याखाली गेला. “काय?”

“भिंत. पांढरी कर. मला चालेल.”

“ताप आलाय का तुला?”

“नाही.”

“मयूर काही बोलला? घर विकायचं ठरलंय का तुमचं?”

“काय ग तुझं! कोणी काही बोललं नाही. कंटाळा आला भांडायचा. स्वल्प उजेड येऊ दे म्हटलं घरात.”

भांडायचा कंटाळा, आणि तुला! मी त्या दिवशी तुझ्या चेहऱ्याकडे किती वेळा बघितलं असेल. तू वाळली होतीस. विचारलं तर म्हणालीस, नवी कवळी बसत नाही, चावता येत नाही. ते खरंही होतं, कवळी करकरायची, मी ऐकली होती. मी तुला मऊ भात, मुगाचं कढण द्यायला लागले. तू दोन घास खाऊन म्हणायचीस, “छान झालंय.” पूर्वी माझ्या हाताला मीठ जास्त की कमी, याचा निकाल दिल्याशिवाय तुझा घास खाली जायचा नाही. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की इथं काहीतरी पाणी मुरतंय. पण मला भिंत मिळत होती ना! मी मुनिराजूला फोन लावला.

तो आला, त्यानं मशीन लावून सगळं पॉलिश घासून काढलं. घरभर पिवळी धूळ आणि जुन्या लाखेचा वास. तू व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलीस, आत फिरकली नाहीस. मला वाटलं, बघवत नसेल. मी स्वतःच कॉफी घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, “अक्का, थांबवू का? अजून वेळ आहे.” तू म्हणालीस, “छे ग. होऊ दे.” मी विचारलं, “बरोबर करतोय ना तो? तू एकदा बघ की.” तू म्हणालीस, “तुझी भिंत, तुझा पेंटर. मला कशाला विचारतेस?” पुढे प्रायमर झाला, रंगाचे हात झाले, हॉल असा उजळला की दारातून येणारा माणूस थबकायचा. सगळं वाळल्यावर तू आत आलीस, भिंतीसमोर उभी राहिलीस. मी वाट बघत होते की आता पर्स मागशील, पट्टी काढशील. तू नुसती हात पाठीमागे बांधून उभी. मग म्हणालीस, “छान दिसतंय नली. तुझंच बरोबर होतं.”

अक्का, तुझ्या तोंडून हे एक वाक्य ऐकायला मी जन्मभर आसुसलेली. लहानपणच्या रांगोळीपासून वाट बघत होते. आणि ऐकलं तेव्हा पाठ फिरवली. मी आत जाऊन उगाचच भांडी खळखळवली.

मग तुझं ते दवाखान्यात जाणं, आणि आठवड्याच्या आत सगळं संपणं. डॉक्टर घाईघाईनं काय ते बोलले, पोटातलं, पसरलेलं, उशीर झाला. मला वाटलं, अचानक आलं. सगळ्यांना मी तेच सांगितलं, “अचानक हो. काही पत्ता नव्हता.”

तुला पोचवून घरी आले. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, बायका बसल्या होत्या, त्यांच्या डोक्यांवरून माझं लक्ष भिंतीकडे गेलं. स्विचबोर्डाच्या वर एक पिवळट तपकिरी गोल. बांगडीएवढा. मला वाटलं कुणाचं डोकं टेकलं, तेलाचा डाग. फडक्यानं पुसला, जाईना. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ दोन. मग छताखाली एक, जिथं कुणाचं डोकं पोचणं शक्य नाही. वरच्या गच्चीत पाणी साचलंय का बघून आले. गौडांच्या मुलानं अगरबत्त्या लावल्या होत्या, त्याच्यावर संशय घेतला. मग मुनिराजूवर. मेल्यानं रंगात पाणी घातलं असणार! सुतकात असले तरी मी त्याला बोलावून घेतलंच.

तो आला, आधी तुझ्या फोटोला हात जोडले, मग भिंतीला हात लावून म्हणाला, “अम्मा, ये गांठ है. लकडी की गांठ. तेल बाहर आता है.” गाठीतलं तेल म्हणे रंगातून वर येतं. मी म्हटलं, “मग आधी का नाही सांगितलंस?” त्यानं कानाला हात लावले. “मैं पूछा था अम्मा. आप दुकान गया था. मैं अक्का को पूछा, गांठ पर लाख मारूं क्या? अक्का बोली, बेडा. नुसता प्रायमर मार बोली.”

बेडा. नको.

मी खुर्चीवर बसले. आधी मला कळेना, मग कळलं, आणि काय सांगू तुला, मला इतका आनंद झाला! सुतक, फोटो, समई, सगळं समोर असताना मी तोंडाला पदर लावून हसले. मुनिराजू घाबरला बिचारा. अगं लबाडे! म्हणजे तू हरली नव्हतीस! तेल अडवायला गाठींना लाख लागते हे तुझ्याइतकं ह्या बेंगळुरात कुणाला ठाऊक असणार? तू मुद्दाम नको म्हणालीस. भिंत बिघडू दिलीस. महिन्या-दोन महिन्यांत डाग वर येतील, नली बोंबलत येईल, आणि मग तू चष्मा खाली घेऊन म्हणशील, “सांगत नव्हते मी?” तुझा सगळा डाव माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. फक्त मध्ये तुझं जाणं आलं, म्हणून तो अर्धा राहिला. मला केवढं सुटल्यासारखं झालं ते तुला नाही कळणार. कारण माझ्या पोटात जी भीती होती ती वेगळीच होती. तुला आधीच कळलं होतं की काय, आपण जाणार हे, आणि म्हणून तू मला भिंत देऊन टाकलीस की काय? लहान मुलाला खाऊ देऊन गप्प करतात तशी? पण लबाडी करणारं माणूस मरणाच्या तयारीत नसतं. लबाडीला पुढचे दिवस लागतात. तुला ते आपल्यापुढं आहेत असं वाटत होतं, तुला माहीत नव्हतं, तू माझ्यापासून काही लपवलं नव्हतंस. मी त्या दिवशी तू गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

आणि बाराव्याला शारदा आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं. डाग दाखवले. “बघ तुझ्या मैत्रिणीचे धंदे! शेवटपर्यंत सोडलं नाही बाईनं!” मला वाटलं ती हसेल. ती त्या डागाकडे बघत राहिली. मग खाली बघायला लागली. मी तिचा हात धरला. “शारदा. काय आहे? हेळु.” बोल म्हटलं.

ती कानडीतच बोलली, हळू आवाजात, तुला तिचा आवाज माहीत आहे. म्हणाली, “नली, तिला वास सहन होत नव्हता. लाखेत स्पिरिट असतं, प्रायमर पाण्यातला. कसलाही उग्र वास आला की उलटी व्हायची. घरात उलटी झाली तर तुला कळेल, म्हणून लाख नको म्हणाली असेल.”

“कळेल म्हणजे? काय कळेल?”

तेव्हा तिनं सांगितलं. दसऱ्यानंतर तुला ती स्कॅनला घेऊन गेली होती. मला तुम्ही सांगितलं होतंत की कारखान्यातल्या कुणाच्या तरी निरोप समारंभाला जातोय. तू तर नारायणपेठ नेसली होतीस ग! डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की आता कापाकापीत अर्थ नाही. येताना तुम्ही दोघींनी कुठंतरी थांबून कॉफी घेतली आणि तू शारदाकडून शपथ घेतलीस. मी विचारलं, “पण का? मला का नाही सांगायचं?” शारदा रडायला लागली. म्हणाली, “ती म्हणाली, नलीला कळलं तर ती माझ्याशी भांडायची बंद होईल. गोड बोलायला लागेल. ते मला सोसणार नाही.”

अक्का!

तू थिनरच्या वासाला ‘माझं अत्तर’ म्हणायचीस. तू लॅबमधून आलीस की आई नाक दाबायची आणि तू पदर तिच्या तोंडाजवळ न्यायचीस. त्या तुला लाखेचा वास नको झाला होता, आणि व्हरांड्यात तू खुर्ची टाकून बसलीस ती त्यासाठी, आणि मी कॉफी घेऊन तुझ्याजवळ उभी होते आणि मला वाटत होतं तुला भिंत बघवत नाही. एवढी मी पोलीस पाटील! दुधाची पिशवी उजेडात धरणारी! तू मला एका कवळीवर गुंडाळलंस.

शारदाला मी त्या दिवशी नको ते बोलले. तुला बोलता येत नव्हतं म्हणून तिला बोलले. ती बिचारी ऐकून घेत होती. ती गेल्यावर मी तुझ्या खोलीत गेले, तुझी कपाटातली नारायणपेठ काढली आणि तिच्यावरही ओरडले. खोटं कशाला सांगू, तुझ्या जाण्यापेक्षा मला हे जास्त लागलं. जायचं सगळ्यांनाच आहे. पण दसऱ्यापासून तू एकटीनं वाहिलंस आणि मी शेजारच्या खोलीत घोरत होते. तुला रात्री पाणी हवं असेल, पाय चेपून हवे असतील, कुणाचा तरी हात हवा असेल. ते सगळं मी केलं असतं. तुला करून घ्यायचं नव्हतं. का? तर मी गोड बोलले असते म्हणून!

बरं, तेही समजलं. खरं सांगू? अगदी खोटं नव्हतं तुझं. मला कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशीपासून तुला साखरेत घोळवलं असतं. तुझ्या त्या खोक्याच्या भिंतीची आरती ओवाळली असती. तू म्हणालीस ते सगळं बरोबर, असं म्हणत बसले असते, आणि तू माझ्याकडे बघून ओळखलं असतंस की ही आता माझे दिवस मोजायला लागली. तुला ते शेवटचे दिवस आपले नेहमीचे हवे होते. कॉफीबरोबर एक फेरी, बातम्यांच्या आधी एक फेरी. मिळालेही तुला काही. दिवाळीत चिवड्याच्या खोबऱ्यावरून आपण केवढं भांडलो! तू हसलीस, ठसका लागला, डोळे पुसलेस. ते हसू तरी खरं होतं ना? ते खरं होतं असं मी धरून चालले आहे. त्यासाठी तुझी आभारी आहे, हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील नलीला कृतज्ञता म्हणून नाही.

पण मग तू भिंत का दिलीस? माझा राग तिथंच येऊन अडतो. माझं गोड बोलणं तुला सोसणार नव्हतं, आणि तुझं गोड बोलणं मला सोसेल असं तुला कुणी सांगितलं? मला दया दाखवू द्यायची नाही, आणि स्वतः मात्र मला दया करून मोकळी! ‘तुझंच बरोबर होतं.’ म्हणे! तुला ते एका क्षणासाठी तरी वाटलं होतं का? तुला भिंत लाकडाचीच हवी होती. शेवटपर्यंत हवी होती. मला ठाऊक आहे. मी तुझ्यामागे एकटी राहणार, निदान उजेडात राहू दे, असं तुझ्या मनात आलं असणार. तू मनातून आधीच निघून गेली होतीस आणि घर माझ्या नावानं सोडलं होतंस. आणि मी समोर बसून दाण्यांच्या साली काढत होते.

मयूर मागच्या आठवड्यात आला. डाग बघून म्हणाला, “आत्या, हा साइन आहे. आपण सगळा पेंट काढून टाकू या. ओरिजिनल वूड परत आणू. इट्स सो व्हिंटेज. मोठ्या आत्याची मेमरी राहील.” त्याची बायकोही म्हणाली. गौडांची सून म्हणाली, देवाची इच्छा दिसते. शारदानं तर कुठून ते जुनं पॉलिश मिळेल तेही शोधून ठेवलं. सगळ्यांचे डोळे पाण्यानं भरलेले, सगळे माझ्याकडे बघतायत, की आता ही हो म्हणेल. मीही क्षणभर डगमगले. फोटोत तू चष्मा खाली घेऊन बघतेस तशी दिसत होतीस. म्हटलं, चला, तुझी भिंत तुला परत देऊन टाकू. आता माझं काय जातंय.

आणि तिथंच मला माझी शरम वाटली. तू जे केलंस तेच मी करायला निघाले होते. माणूस गेलं म्हणून त्याला जिंकू द्यायचं! तुला ते कळलं असतं तर तू मला फाडून खाल्लं असतंस. मयूरला मी म्हटलं, “सरी, ठीक आहे, तुझा विचार चांगला आहे बाळ, पण नाही.” तो म्हणाला, “आत्या, पण मोठ्या आत्याला वूडच आवडायचं ना?” मी म्हटलं, “हो. तिला वूडच आवडायचं. म्हणूनच.” त्याला काही कळलं नाही. तो सोनपापडीचा डबा ठेवून गेला.

मुनिराजूला बोलावलं. ह्या वेळी त्याच्या मानगुटीवर बसले. डाग आलेत तिथंच नव्हे, सगळ्या गाठी शोधून काढायला लावल्या. रंग खरवडून प्रत्येक गाठ उघडी केली आणि तिच्यावर लाख मारली, वाळू दिली, परत मारली. वास घरभर झाला. नाकात जाऊन बसला. मी खिडक्या उघडायला उठले आणि उठता उठता आठवलं की त्या वासाचा त्रास होणारं आता घरात कुणी नाही. तेव्हा रडले. मुनिराजू शिडीवर होता, त्यानं पाठ केली आणि लाख मारत राहिला. मग प्रायमर, मग रंग. आज सकाळी त्यानं शेवटचा हात मारला आणि शिडी उचलून गेला.

भिंत पांढरी झाली आहे, अक्का. सकाळचं ऊन खिडकीतून येऊन तिच्यावर पडतं आणि पुस्तकाची अक्षरं चष्म्याशिवाय दिसतात. ज्यासाठी मी इतकी वर्षं तुझ्याशी डोकं फोडलं ते मला मिळालं आहे. तुझा तो दिलेला होकार मात्र मी घेत नाही. तो पोटदुखीतून आलेला होता, दयेतून आलेला होता, तो मला मान्य नाही. तो परत घे. तुझं म्हणणं लाकडाच्या बाजूचं होतं आणि तसंच आहे, हे मी मयूरला, शारदाला, सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आणि मी ही भिंत तुझ्या मर्जीविरुद्ध, तुला न विचारता, तुझ्या नाकावर टिच्चून रंगवली आहे.

आता बोल, काय बोलायचंय ते.

तुझी नली